काकांच्या आळसाचं कारण

माझी भाची पोलीस भरतीची तयारी करत होती. हिंगोलीच्या मैदानावर रोज सकाळी आठशे मीटर पळायची, आणि पळण्यात तिचा हात धरणारं तिच्या गटात कोणी नव्हतं. एका सकाळी शेवटची पन्नास-साठ पावलं राहिली असताना ती पडली. अडखळली नाही, कशाला पाय लागला नाही. पळता पळता आडवी झाली. मिनिटभरात डोळे उघडले, आणि पहिली गोष्ट काय केली, तर घड्याळ धरणाऱ्या मैत्रिणीवर चिडली. म्हणाली, "टायम काहून न्हाई घेतला?"

घरी जो तो कारण शोधायला लागला. माझा भाऊ, म्हणजे तिचा बाप, म्हणाला, उपाशीपोटी पळते. वहिनी म्हणाली, मोबाइल बघत जागते. शिकवणाऱ्या सरांनी लिंबूपाणी सुचवलं. मी कळमनुरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळं माझं मत शास्त्रीय मानलं जातं. मी म्हणाले, हिमोग्लोबिन कमी असेल. लोहाच्या गोळ्या मीच आणून दिल्या. तीन आठवडे गोळ्या खाऊन ती पुन्हा पडली.

मग हिंगोलीतल्या एका डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. तिला उकिडवं बसायला लावलं, उभं राहायला लावलं, पुन्हा ऐकलं. ईसीजीची पट्टी काढली. पट्टी बघून त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "नांदेडला जा. उद्याच जा. आणि तोवर पळायचं नाही, जिनासुद्धा सावकाश."

नांदेडच्या हृदयरोगतज्ज्ञांनी इको काढला. पडद्यावर तिचं हृदय उघडझाप करत होतं. दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "हा स्नायू जाड झालाय. रक्त बाहेर जायची वाट अरुंद झालीय." मग त्यांनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "घराण्यात कोणी तरुणपणी, अचानक गेलंय का?"

"नाही," मी म्हणाले.

"न्हाई, तसं कोणी न्हाई," भाऊही म्हणाला.

"वडील आहेत?"

"न्हाईत. त्यांना ऊन लागलं," भाऊ म्हणाला. "वसमतच्या स्टँडवर बसमागं पळले. एप्रिल म्हैना व्हता."

"वय?"

"एकेचाळीस."

"आजोबा?"

"हळद शिजवताना गेले. कढईची वाफ बाधली. पंचेचाळीसचे असतील."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "आणखी कोणी?"

"एक आत्या व्हती. पण तिचं येगळं हाय. तिला सासरच्यांनी खाल्लं. पाण्याचा हंडा घेऊन आली, आंगणात बसली, आन् बसल्या जागी गेली. सत्तावीस वर्षांची व्हती."

डॉक्टर कागदाकडं बघून म्हणाले, "म्हणजे अचानक कोणी गेलेलं नाही."

ते हसले नाहीत. मला मात्र टेबलाखाली जावंसं वाटलं. वीस वर्षं मी पोरांना आनुवंशिकता शिकवत आले होते. वाटाण्याचे उंच वेल, बुटके वेल, प्रभावी गुण, अप्रभावी गुण. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे स्त्री, काळं केलेलं म्हणजे आजारी. दर वर्षी फळ्यावर कुणातरी परक्या घराण्याचा वंशवृक्ष काढून मी विचारायची, "सांगा, हा गुण कसा उतरला?" पहिल्या बाकावरची पोरं दोन मिनिटांत सांगायची. आणि माझ्या स्वतःच्या घरात तीन माणसं चालता-बोलता गेली, तर मी ऊन, वाफ आणि सासू यांच्यावर समाधानी होते.

आमचं घर बौद्ध. आजोबांच्या वडिलांनी देव्हारा उचलला, तेव्हापासून घरात देवाला, भुताला, अंगात येण्याला थारा नाही. कुरुंद्यात कुणाच्या घरी करणी-भानामतीची गोष्ट निघाली, की आमचे वडील हसून उठून जायचे. त्या वडिलांच्या मातीला जमलेल्या शंभर शहाण्या माणसांनी एकमतानं ठरवलं, की उन्हानं नेलं. त्या दिवशी त्याच स्टँडवर, त्याच उन्हात आणखी पाऊणशे माणसं बसमागं पळाली होती. त्यातल्या बऱ्याच जणांना जागासुद्धा मिळाली.

डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं. हृदयाच्या स्नायूत प्रथिनांचे धागे असतात. ते धागे कसे बांधायचे हे जनुकात लिहिलेलं असतं. त्या लिहिण्यात एखादी चूक असली, तर स्नायू वेडावाकडा वाढतो, जाड होतो. अशा स्नायूत हृदयाचा ठेका कधीतरी बिघडतो, बहुतेक वेळा पळताना, ओझं उचलताना. आई किंवा बापापैकी एकाकडं ही चूक असली, तर प्रत्येक लेकराकडं ती जायची शक्यता निम्मी. पोरगा असो की पोरगी.

हे सगळं मी फळ्यावर लिहिलेलं होतं. त्या खोलीत ते पहिल्यांदा ऐकलं.

भाऊ बाहेर बाकावर येऊन बसला. त्याचं लोखंडाच्या दरवाजांचं दुकान आहे. एकटा शटर उचलतो, आणि ते लोकांनी बघावं असं त्याला वाटतं. तो म्हणाला, "म्हंजी हे तिला माझ्याकडून गेलं."

"तुझा इको झालेला नाही अजून."

"तिच्या मायकडं कोणी असं गेलं न्हाई, बाई. मला मोजता येतं." मग म्हणाला, "लेकराला द्यायला दुसरं काही गावलं न्हाई मला."

त्याचं म्हणणं बरोबर निघालं. त्याच्याही हृदयाची भिंत जाड होती, तिच्यापेक्षा कमी. भाचीच्या रक्ताचा नमुना तपासायला परगावी गेला आणि पाच आठवड्यांनी अहवाल आला. हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनाचं एक जनुक. त्यातलं एक अक्षर बदललेलं. इंग्रजीत पानभर मजकूर होता, पण मुद्दा एवढाच. कुणीतरी कधीतरी नक्कल करताना एक अक्षर चुकवलं, आणि पुढं सगळ्यांनी ती चूक इमानदारीनं उतरवून घेतली. आमच्या कॉलेजच्या परीक्षेत असं झालं, की आम्ही सगळ्या बाकाला शून्य देतो.

भाचीच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. ठेका बिघडला तर ते आतून झटका देतं. पोलीस भरती संपली. ती चार महिने कुणाशी नीट बोलली नाही. बूट मात्र तिनं कुणाला दिले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना तपासा. एका रविवारी मी पाठकोऱ्या उत्तरपत्रिकेवर वंशवृक्ष काढायला बसले. आजोबा, वडील, काका, भाऊ. भाची शेजारी येऊन बघायला लागली. त्या महिन्यातलं तिचं पहिलं लांबलचक वाक्य असं होतं : "आत्या, तू समदे चौकोनच काढून राहिली. गोल कुठं हाय? तुझी आत्या कुठं हाय? आन् तू सोता कुठं हाय?"

मी खोडरबर शोधायला उठले.

आता काकांविषयी सांगायला हवं. वडिलांचे धाकटे भाऊ. वय बहात्तर, मुक्काम कुरुंदा, आणि कीर्ती अशी, की पंचक्रोशीत इतका आळशी माणूस झाला नाही. बांध चढले की बसायचे. हळद काढणीला सगळं घर वाकलेलं असताना हे लिंबाखाली. लग्न झाल्यावर पहिल्याच हंगामात ज्वारीचं पोतं उचलायला सांगितलं, तर ते अर्ध्यात ठेवून म्हणाले, "दम लागून राहिला." अंगानं भरलेला माणूस, दोन वेळा पोटभर जेवणारा, कोण विश्वास ठेवणार? आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, हे पोरगं माझं नव्हे. आमचे वडील भला माणूस, पण तेसुद्धा म्हणत, "त्याला फकस्त मरायचा कंटाळा न्हाई, बाकी समद्याचा हाय." आम्हा भावंडांना लहानपणी अभ्यासाला बसवायचं तर एकच वाक्य पुरायचं : काकासारखं व्हायचंय काय?

काकांचं शेत पडीक राहिलं असं नाही. शेत काकींनी केलं. नांगर सोडून सगळं. काकी बारीक चणीच्या, आवाज मात्र ओढ्यापलीकडं जायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांच्या सकाळची सुरुवात "उठा आता" यानं व्हायची.

मी कुरुंद्याला गेले, सगळं समजावून सांगितलं, आणि म्हणाले, "काका, नांदेडला येऊन एकदा इको काढा."

काका म्हणाले, "आता काय करायचं हाय? न्हाई येत."

काकी आतून ओरडल्या, "तपासायलाबी कटाळा!"

शेवटी भाचीनं त्यांना फोन केला आणि सांगितलं की गाडी दारात येईल, चालावं लागणार नाही, तिथं आडवं झोपून राहायचं असतं. तेव्हा तयार झाले.

इको काढताना डॉक्टरांनी यंत्र तीनदा फिरवलं. मग विचारलं, "बाबा, तुम्हाला दम कधीपासून लागतो?"

"मिसरूड फुटली तवापासून."

"मग काय करायचात?"

"बसायचो."

"कोणी काही म्हणायचं नाही?"

काकांनी माझ्याकडं बघितलं, मग छताकडं. "म्हणायचे की."

डॉक्टर म्हणाले, "बाबा, तुमचं हृदय घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त जाड आहे. तुम्ही बसत होतात, हे फार बरं केलंत. बाकीचे बसले नाहीत."

छातीवरचं चिकट मलम पुसायचा कागद हातात तसाच धरून काका पडून राहिले. मला वाटलं घाबरले. मी जवळ गेले तर हळू आवाजात म्हणाले, "ह्ये असं लिहून देतेत का?"

लिहून दिलं. काकांनी तो रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि कुरुंद्यात पोचल्यावर घरी न जाता आधी विहाराच्या पारावर गेले. इंग्रजी त्यांना येत नाही, तरी वाचून दाखवला. किराणा दुकानदाराला दाखवला. शेतीच्या वाटणीवरून ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांनाही बोलावून दाखवला. "बगा, मोठ्या डाक्टरची सही हाय. ह्येला आळस म्हणत न्हाईत." हृदयविकाराचं निदान झाल्यावर इतका आनंदलेला माणूस मी पाहिलेला नाही. आठवडाभर गावात जाता-येता लोक त्यांना म्हणत, "काका, बसा ना," आणि काका ऐटीत बसत.

काकी मात्र त्या दिवशी चुलीपुढून उठल्या नाहीत. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "म्हंजी म्या चाळीस वर्सं बिमार माणसाला शिव्या दिल्या व्हय?"

"तुम्हाला काय ठाऊक, काकी. कुणालाच ठाऊक नव्हतं."

"त्यो सांगत व्हता की. रोज सांगत व्हता दम लागतो म्हणून." भाकरी तव्यावर करपायला लागली, ती त्यांनी तशीच ठेवली. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "आन् त्यो बिमार व्हता, तर मंग म्या केलं ते कुणी करायचं व्हतं? त्येचंबी नाव सांग म्हणावं तुझ्या डाक्टरला."

मी तव्यावरची भाकरी उतरवली.

पुढचं घर आत्याच्या सासरचं. वारंगा फाट्यावरून आत, एका खेड्यात. आत्या गेली तेव्हा मी पाळण्यात होते. तेव्हापासून त्या घराशी आमचं जाणं-येणं, चहापाणी, लग्नपत्रिका, सगळं बंद. आमच्यात कुणी कुणाला फार टोचून बोललं तर म्हणायचे, "त्या फाट्याकडच्यांवानी करू नका." आत्याचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता, त्याला आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. आता तो पंचेचाळिशीच्या पुढं असणार. त्याच्या रक्तात ती चूक असायची शक्यता निम्मी होती, आणि सांगायला जाणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. भाऊ म्हणाला, "मी न्हाई येत. बापानं घातलेली आण हाय." मी एकटी गेले.

दार आत्याच्या नवऱ्यानंच उघडलं. वाळलेला, पाठीत वाकलेला म्हातारा. मी ओळख सांगितली तर कितीतरी वेळ उंबऱ्यातच उभे राहिले, मला आत या म्हणावं की नाही हे ठरवत. मग बाजेवर बसायला सांगितलं. मी वंशवृक्षाचा कागद उलगडला. एकेक नाव, एकेक वय सांगितलं. जनुक हा शब्द वापरला नाही. म्हणाले, आमच्या घराण्याच्या रक्तातला दोष आहे, तो तिच्यातही होता असं दिसतं.

ते म्हणाले, "म्हंजी तुमच्याकडून आलेला."

"व्हय."

"हंड्यानं न्हाई. माझ्या मायनं न्हाई."

"न्हाई."

"तुझ्या बापानं माझ्या मायच्या तोंडावर थुंकलं व्हतं, समद्या गावापुढं. माय त्याच्यानंतर पाच वर्सं जगली. पाणी भरायला आडावर गेली न्हाई, बाया बोलतेत म्हणून." मग म्हणाले, "त्या दिशी पाणी म्याच आणणार व्हतो. ती म्हणली, राहू द्या, जाते मीच."

मी माफी मागितली. कुणाच्या वतीनं मागत होते कोण जाणे. ज्यांनी मागायची ते सगळे गेलेले. त्यांनी ती घेतली की नाही हेही कळलं नाही. पण सुनेला हाक मारली, "चहा टाक. कुरुंद्याकडली पाव्हणी हाय." पंधरा दिवसांनी आत्याचा मुलगा नांदेडला येऊन तपासून गेला. त्याच्यात दोष नाही. फोनवर त्यानं मला एवढंच सांगितलं, आणि पुढं म्हणाला, "बाबानं इच्यारलंय, तुमच्याकडं मायचा एखांदा फोटो हाय का?" आमच्याकडं एक होता. भाऊ स्वतः जाऊन देऊन आला. आणेचं काय झालं ते मी विचारलं नाही.

या सगळ्यात एक माणूस तपासायचा राहिला होता. दोन मोठी घरं, आठ-दहा माणसं मी नांदेडला पाठवली. कुणी टाळाटाळ केली तर त्याला अर्धा तास शास्त्रीय दृष्टिकोन ऐकवला. स्वतःचं रक्त द्यायला मला वेळ मिळत नव्हता. आधी प्रात्यक्षिक परीक्षा होत्या, मग पेपर तपासणी, मग उन्हाळा. जिना चढताना मी छातीवर हात ठेवून ऐकत असे. एक दिवस भाचीनं माझी वेळ परस्पर ठरवली आणि मला गाडीत बसवलं. म्हणाली, "तुझ्या पुस्तकात दिलंय की, निम्मी शक्यता. निम्मीला काय भ्यायचं?"

अहवाल आला. माझ्यात ते बदललेलं अक्षर नव्हतं. ज्या जागेला मी चार महिने भ्याले, तिथं सगळं शुद्धलेखन बरोबर होतं. मी भावाला फोन केला तर तो क्षणभर थांबून म्हणाला, "चांगलं झालं. लई चांगलं झालं." तो क्षण मला फार लांब वाटला. आनंद झाला, पण तो कुणाला दाखवावा असं घरात कोणी उरलं नव्हतं.

भाची आता तलाठी परीक्षेचा अभ्यास करते. काकांचं मत असं, की ते बरं. तलाठ्याला पळावं लागत नाही, लोकच त्याच्यामागं पळतात. भावानं दुकानात शटर उचलायला माणूस ठेवलाय आणि तो उचलत असताना दुसरीकडं बघतो. काका रोज एक गोळी घेतात. आणि त्यांच्यात एक फरक पडलाय, ज्याचा कुणाला अंदाज नव्हता. आळशी नाही हे सरकारमान्य झाल्यापासून त्यांना कामाची हौस आली आहे. झाडू घेऊन अंगण लोटायला निघतात, बादली उचलायला जातात, आणि काकी आतून धावत येतात, "ठिवा ते खाली! बसा म्हणते ना!"

परवा काकांच्या तपासणीला मी दोघांना नांदेडला नेलं. काकांचं झाल्यावर काकी पदर सावरून पुढं आल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "माजंबी काढा."

मी म्हणाले, "काकी, तुम्ही या रक्ताच्या नाही. तुम्हाला गरज नाही."

"गरज न्हाई ते मला कळतंय. काढा."

डॉक्टरांनी काढला. काकी डोळे मिटून पडल्या होत्या. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी आडव्या झाल्या असतील. डॉक्टर यंत्र फिरवत राहिले आणि हसून म्हणाले, "मावशी, या वयात असं हृदय क्वचित बघायला मिळतं. एकदम उत्तम आहे."

काकी उठून बसल्या. "म्हंजी कामाला काही हरकत न्हाई?"

"मुळीच नाही."

"लिहून द्यायसारखं काहीच न्हाई?"

"काहीच नाही, मावशी."

काकींनी चप्पल पायात सरकवली. "मंग काय कामाचा ह्यो रिपोट," म्हणाल्या, आणि काकांची पिशवी उचलून जिना उतरायला लागल्या.